गुहैच्या चौदा पायऱ्या

एकोणतीस कलमांचं पत्र पर्समध्ये घालून मी रविवारी सकाळी निघाले, ते भांडायच्या तयारीनेच. त्या लोकांना गुहैचा एक स्क्रूसुद्धा बदलू द्यायचा नाही, असं ठरवून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राच्या बाजूला एक जुनं थीम पार्क आहे. पुढचा भाग चकचकीत, उलटेपालटे करणारे झोपाळे वगैरे. मागच्या कोपऱ्यात मात्र तीसेक वर्षांपूर्वीचा विभाग अजून तसाच आहे आणि त्यात गुहै आहे. गुहै म्हणजे तमिळमध्ये गुहा. काळोख्या बोगद्यातून होडी हळूहळू जाते, वाटेत बाहुल्यांचं लग्न, नादस्वरम म्हणजे तिकडची लांब सनई, सोंडेने पाणी उडवणारा हत्ती आणि शेवटी एक धबधबा. बस, एवढंच. पण या शहरातल्या दोन पिढ्या शाळेच्या सहलीला तिथे गेल्या आहेत आणि त्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे. मी सोलापूरची, तरी त्या ग्रुपात सगळ्यात मोठ्याने भांडते. हौसेला मोल नसतं.

पार्कवाल्यांनी जाहीर केलं की उन्हाळ्यानंतर जुना विभाग बंद करून नव्याने बांधणार. ग्रुपात आग लागली. एक गट म्हणे, कधीतरी करायलाच हवं, होड्यांना गंज चढलाय. दुसरा गट म्हणे, हात लावाल तर याद राखा. मी दुसऱ्या गटातली. शेवटी पार्कवाल्यांनीच आम्हाला रविवारी दुपारी चार वाजता बोलावलं, तुमचं म्हणणं एकमताने लिहून आणा म्हणाले. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, याद्या करणं हेच माझं काम. पत्र माझ्याच गळ्यात पडलं.

शुक्रवारी मी लिहीत बसले असताना खालच्या मजल्यावरून वनजाक्का आल्या. मैलापुरातलं आमचं घर त्यांचं, मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. त्यांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्या शाळेत गणित शिकवतात. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी. गुहैचं वेड मला लावलं ते त्यांनीच. नऊ वर्षांपूर्वी मी इथे नवी होते, घरच्या आठवणीने रडकुंडीला यायचे, तेव्हा त्या कॉफी देऊन गुहैच्या गोष्टी सांगायच्या.

"काय लिहूलालीस?" त्यांनी विचारलं. तंजावरच्या मराठीत 'लिहिते आहेस'चं हे रूप. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटच्या कलमापर्यंत ऐकलं.

"रविवारीं मीं पण येतें," त्या म्हणाल्या.

मला आनंदाचं भरतं आलं. नऊ वर्षांत मी दहा वेळा तरी बोलावलं असेल, दरवेळी त्यांचे पेपर तपासायचे असायचे नाहीतर पाहुणे असायचे.

सकाळी सात वाजता मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळच्या छोट्या हॉटेलात आम्ही पोंगल-वडा खाल्ला. भरपेट खाऊनच निघा, कारण पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत आणि आतलं महाग आणि बेचव. तिथून तिरुवान्मियूरपर्यंत रिक्षा. भाडं आधी ठरवा, मीटरवर जाणारा भेटला तर देवाचे आभार माना. पुढे महाबलीपुरमच्या रस्त्याची बस. वनजाक्कांसाठी आम्ही दोन बस सोडल्या आणि खालच्या पायरीची, थांब्यावर एका बाजूला झुकणारी बस घेतली. रविवारी नऊच्या आत बसलात तर जागा मिळते.

मागच्या सीटवर टी. नगरच्या साडीबाजारातल्या पिशव्या मांडीवर घेऊन दोन बायका बसल्या होत्या. पार्कचं नाव कंडक्टरने पुकारल्यावर एक म्हणाली, "अजून आहे का ते? आमच्या वेळचं!" दुसरी म्हणाली, "असू दे की. तुझ्यामाझ्यासारखंच जुनं झालंय, तरी चालतंय ना?" वनजाक्का खुदकन हसल्या.

रस्ता सुरेख आहे. डावीकडे अधूनमधून समुद्र, सुरूची झाडं, मासे तळणाऱ्या टपऱ्या. फेब्रुवारी असूनही दहा वाजता ऊन चटका देत होतं, तेव्हा टोपी आणि पाणी घ्याच. पाण्याच्या राइडसाठी नायलॉनचेच कपडे लागतात, सुती कपड्यांत आत सोडत नाहीत. तिकीट ऑनलाइन काढा, खिडकीवरची रांग नको.

गेटपासून जुन्या विभागापर्यंतचं अंतर मला कधी जाणवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. फरशा उखडलेल्या, दोन ठिकाणी नळाचं पाणी साचलेलं. वनजाक्का कुबडी नीट टेकवत, न थांबता चालत होत्या आणि मी उगीचच हात पुढे करत होते. तिसऱ्यांदा केला तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रज्ञा, हात नको. बोलत चल."

आणि मग गुहैच्या पायऱ्या आल्या. या पायऱ्यांची एक रीत आहे. रांगेतले सगळे त्या मोठ्याने मोजत चढतात, ओण्णु, रेंडु, मूणु, आणि चौदाव्या पायरीवर सगळे मिळून "गुहै!" ओरडतात. कोणी शिकवत नाही, पुढच्याचं ऐकून मागचा करतो. माझ्या पत्रातलं सातवं कलम हेच होतं: पायऱ्या चौदाच राहाव्यात, एकही कमी नको.

वनजाक्का पहिल्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. पायऱ्या उंच, शेवाळलेल्या, कठडा एकाच बाजूला. त्यांनी माझी पर्स मागितली. "दे. तूं जा. मीं धरतें."

"म्हणजे? तुम्ही येणार नाही?"

"मीं वर कधींच गेलें नाहीं."

मग तो हत्ती, ते लग्न, तो धबधबा? "शाळेत असताना कोणी उचलून नेलं असेल असं मला वाटायचं," मी कसंबसं म्हणाले.

"टीचर उचलायला आल्या होत्या. मींच नको म्हटलं. सहाही वर्षं खालीं बसलें, सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. बाहेर सगळं ऐकूं येतं, मा. बाकीचं पोरी सांगायच्या."

नऊ वर्षं मी ज्या गोष्टी ऐकल्या त्या अशा होत्या. मी विचारलंसुद्धा नव्हतं. घरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या आणि त्या शेळ्यांत माझी वनजाक्का होती. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात आमच्या ग्रुपातले लोक आले. कार्तिक सगळ्यांत पुढे. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, दाढीवाला, मनाने फार चांगला. त्याला त्याचे वडील दर वाढदिवसाला इथे आणायचे, ते गेले. 'एक स्क्रूसुद्धा नको' हे मूळ त्याचंच वाक्य. त्याला कळल्यावर तो लगेच म्हणाला, "अक्का, आम्ही चौघं खुर्चीत बसवून नेतो. दोन मिनिटांचं काम." वनजाक्का हसून म्हणाल्या, "वेंडाम, पा." नको, बाबा. त्याने पुन्हा आग्रह केला, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. शिवाय वर होडी थांबत नाही. पट्ट्यावरून सरकतच राहते, चालत्या होडीत पाय टाकावा लागतो. तेही माझ्या पत्रात होतं, अकरावं कलम, 'होडी थांबू नये, तीच तिची मजा'.

वनजाक्कांनी मला ढकलून वर पाठवलं. मी चढले. रांग मोजत होती आणि खालून एक आवाज सगळ्यांवर चढत होता, एळु, एट्टु, ओंबदु. वर्गात पाढे घेतात त्या आवाजात. मला रडू फुटलं. होडीत बसले, हत्ती आला, त्याने तोंडावर पाणी उडवलं, म्हणून कोणाला कळलं नाही.

चार वाजता कॅन्टीनच्या पत्र्याखाली बैठक बसली. आम्ही वीस-बावीस जण. पार्ककडून एक व्यवस्थापक बाई आणि खाकी शर्टातले म्हातारे फिटर गुणशेखरन, जे पहिल्या दिवसापासून गुहै सांभाळतात. बोलणं तमिळ आणि इंग्रजीत, मी आठवेल तसं देते.

मी पत्र उघडलं आणि म्हणाले, "सातवं आणि अकरावं कलम मी मागे घेते. उतार हवा, कठडा हवा आणि होडी थांबायला हवी."

एकच गोंधळ उडाला. "मग मॉलमध्येच जाऊ ना!" "आज उतार, उद्या हत्तीच्या जागी पडदा लावतील!" कार्तिक उभा राहिला. "प्रज्ञा, एक गोष्ट बदलली की सगळं जातं. आत्ता मी आत जातो तेव्हा सगळं तेच आहे. अप्पा शेजारी बसायचे तेव्हाचंच. तोच हत्ती, तोच आवाज."

"आवाज तो नाही," वनजाक्का म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या बसूनच बोलल्या. "मी पाचवीत होते तेव्हा हत्ती भोंग्यासारखा ओरडायचा, मध्ये अडखळायचा. दहावीत कॅसेट आली, मागे खरखर होती. आज ऐकला तो तिसराच आहे, स्वच्छ. नादस्वरमही आधी लांब होतं, आता निम्मं केलंय. आणि पूर्वी धबधब्याआधी बेडूक होते. बेडूक कुठे गेले?"

गुणशेखरन आधी हसले, मग त्यांनी चक्क हात जोडले. "बेडकांची मोटर जळाली, मा. सुटा भाग मिळेना, काढून टाकले. हत्ती दोनदा बदलला. मीच बदलला. इतक्या वर्षांत कोणी ओळखलं नाही."

आम्ही आत जाणारे, फोटो काढणारे, एकोणतीस कलमं लिहिणारे. आमच्यापैकी एकालाही बेडूक आठवत नव्हते.

वनजाक्का कार्तिककडे बघून म्हणाल्या, "हत्ती बदलला तरी तुझे अप्पा तुझ्या शेजारीच होते ना? मग पायऱ्या बदलल्या तर कुठे जातील?"

व्यवस्थापक बाईंनी विचारलं, "मग एकमत कशावर?" हात वर झाले. उतार आणि थांबणारी होडी, यावर बहुतेकांचे. हत्ती, लग्न, नादस्वरम जुनंच राहावं, यावर सगळ्यांचे, वनजाक्कांचा सगळ्यात उंच. कार्तिकने उतारासाठी हात वर केला नाही. पण माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बेडूक परत आणावेत.' बाई म्हणाल्या, पत्र वर पाठवते, निर्णय कळवू. कळवू म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. मी मात्र त्यांचा नंबर घेतलाय आणि दर सोमवारी फोन करणार आहे. क्वालिटीवाल्यांची ती खोड जात नाही.

परतताना सहाच्या सुमारास बस मिळाली. उभं राहूनच यावं लागतं, वनजाक्कांना एका मुलीने जागा दिली. तिरुवान्मियूरला उतरून समुद्रावर सुंदल खाल्लं, म्हणजे उकडलेले वाटाणे, खोबरं आणि कैरीचे तुकडे घातलेले. तेवढ्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही. दोघींचा दिवसाचा खर्च तिकिटांसकट अडीच हजारांच्या आत झाला.

तुम्ही जाणार असाल तर उन्हाळ्याआधी जा. जुनी गुहै बघून घ्या. आणि पायऱ्यांपाशी पोचलात की एकदा मागे वळून बघा, खाली पिशव्या घेऊन कोण बसलंय. मला हे कळायला नऊ वर्षं लागली आणि या प्रवासातलं माझ्याजवळ उरलेलं एवढंच आहे.

घरी आल्यावर वनजाक्कांनी कॉफी टाकली. मी त्या दिवशी होडीतून पूर्ण राइडचा व्हिडिओ काढला होता, त्यांच्यासाठीच, मुद्दाम फोन पाण्यापासून जपत. मी फोन त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, बघा तरी, हत्ती कसा दिसतो ते.

त्यांनी फोन हलकेच पालथा घातला.

"नको. दाखवूं नको आणि सांगूंही नको," त्या म्हणाल्या. "मीं जाऊन पाहणार."