न धुतलेल्या गाड्यांची फेरी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त सुख लागलं ते अँबेसिडरला. त्याआधी वकील असलेले माझे वडील कोर्टाच्या तारखांना तिला घेऊन उस्मानाबादला पळत. जिल्हा कोर्टच गावात आलं आणि गाडीचं काम संपलं. गावातल्या इतर वकील-डॉक्टरांच्या गाड्यांचंही तेच. उभी राहून गाडी बिघडते, एवढं निमित्त काढून त्या मंडळींनी रविवारी दिवेलागणीला फेरी सुरू केली. मेन रोडनं निघायचं, गंज गोलाईच्या गोल बाजारपेठेला वळसा घालायचा आणि परत. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, कुणी कुणाला ओलांडायचं नाही.

फेरीत बायका नसत. मी मागच्या सीटवर असे. परतताना घर आलं की आईनं माडीच्या गॅलरीत उभं राहायचं आणि वडिलांनी गाडीचे दिवे एकदा उघडझाप करायचे, असं ठरलेलं. त्या दोघांना एकमेकांशी गोड बोलताना मी ऐकलेलं नाही. दिव्यांची ती उघडझाप तेवढी पाहिली.

पुढे रस्त्यावरची गर्दी वाढली आणि फेरी बंद पडली. वडील गेल्यावर मी आईला आणि गाडीला नांदेडला आणलं, कारण नोकरी तिथं होती. गाडी पत्र्याखाली उभी केली. आई अधूनमधून विचारी, "चालू होईल का रे?" मी म्हणे, "इंजिनच गेलंय. पार्ट मिळत नाहीत." आता लिहूनच टाकतो. मी एकाही मेकॅनिकला विचारलं नव्हतं. वडिलांच्या जागेवर बसणं माझ्यानं होत नव्हतं, आणि एवढ्या वयाच्या माणसानं तसं बोलायचं कसं, म्हणून इंजिनावर ढकललं.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या उन्हाळ्यात वडिलांच्या एका मित्राचा फोन आला. दातांचे डॉक्टर होते, आता थकलेले. जुन्या गाड्यांची फेरी परत सुरू करताहेत म्हणाले.

"वकीलसाहेबांची गाडी आण. अट एकच, धुवायची न्हाई. धुतलेली दिसली की फेरीच्या बाहेर. लोक घागरी घेऊन उभे हायत, तिथं चकाकत फिरायचं म्हणजे लाज सोडली का आपण?"

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "मी येणार. पुढं बसणार." मग माझ्याकडं बघून, "पण इंजिन गेलंय म्हणतोस."

"बघतो," मी म्हणालो.

मेकॅनिकनं आठवड्याच्या आत गाडी चालू केली. घ्यायला गेलो तेव्हा माझा ऑफिसचा फोन चालू होता. त्यानं विचारलं, "साहब, पाण्याचा एक हात मारू का?" मी ऐकल्या न ऐकल्यासारखी मान हलवली. फोन ठेवला तोवर बोअरचं पाणी गटारीला लागलं होतं. गाडीच्या दारात माझं तोंड दिसत होतं. ते बघण्यासारखं नव्हतं.

आई काठाची साडी नेसून पुढं बसली. लोहा गेलं, अहमदपूर आलं. रस्त्याकडेला टँकरभोवती बायांची रेटारेटी चालली होती. मी गाडी हळू केली तशी एक बाई घागर कमरेवर घेऊन खिडकीशी वाकली. "कुणाचं लगीन हाय वं मावशे?"

आईनं पदर तोंडावर घेतला. गाव मागं पडलं तरी काढला नाही.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

"पाणी तर गेलंच वाहून," ती म्हणाली. "आता निदान मिरवू तरी नको. त्या कच्च्या रस्त्याला घे."

नांगरलेल्या रानामधून रस्ता जात होता. काचा वर केल्या आणि मी गाडी पळवली, वळवली, आपणच उडवलेल्या धुळीत परत घातली. आई मान काढून बॉनेट बघे. "डाव्या अंगाला बसून न्हाई राहिली. अजून एक चक्कर मार."

बांधावर एक शेतकरी बैल धरून उभा होता. आम्ही तिसऱ्यांदा समोरून गेलो तेव्हा त्यानं हात केला. "पाहुणं, रस्ता चुकला का?"

"न्हाई," आई म्हणाली, "गाडी मळवून राहिलो."

त्यानं थोडा विचार केला. "मळवा," म्हणाला.

गाडी बंद करून बसलो. बाहेर काही दिसत नव्हतं. तेवढ्यात मी म्हणालो, "आई, इंजिन गेलेलं नव्हतं."

"माहीत हाय."

"कसं?"

"तू हापिसात गेलास की किल्ली फिरवून बघायचे मी. चालू व्हायची. पुढं बॅटरी उतरली, मग सोडलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोललास?" ती म्हणाली. "काच उघडू नको इतक्यात. धूळ बसू दे."

लातुरात डॉक्टरांनी बॉनेटवर बोट फिरवून बोटाकडं पाहिलं. "धूळ ताजी दिसती."

मी काहीतरी रचून सांगणार होतो. आई आधी बोलली. "धुतली होती भाऊजी. मग अहमदपूरच्या पुढं मळवली."

"मळवली?"

"लई चकरा मारल्या."

मागं उभे असलेले हसले. डॉक्टर हसले नाहीत. रुमालानं बोट पुसत म्हणाले, "पुढच्या खेपेला ऐकणार न्हाई. लागा शेवटी, वहिनी."

शेवटची आमचीच गाडी. गोलाईला वळसा घालताना आई दुकानं मोजल्यासारखी बघत होती. परतताना आमचं जुनं घर आलं. खाली मोबाईलचं दुकान झालंय, वर गॅलरी तशीच आहे. मी दिवे एकदा उघडझाप केले.

आई काचेला कपाळ लागेपर्यंत पुढं वाकली. "दिसत न्हाई रे."

"काय?"

"गॅलरी. टपाच्या आड जाती."

मी वाकून पाहिलं. स्टिअरिंगवरून दुकानाची पाटी तेवढी दिसत होती.

"म्हणजे मी उभी हाय का न्हाई, ते त्यांना कळायचंच न्हाई."

"नाही."

"तरी लाईट मारायचे."

पुढची गाडी लांब गेली होती. मी दुसरा गिअर टाकला.

"बरं झालं," आई म्हणाली. "कितीतरी रविवारी मी आत भाकरीच थापत असायचे. त्यांना कधी बोलले न्हाई."