नाकवालीच्या घरचं सूप

डेअरीत तिचं खरं नाव हजेरीपुरतंच. एरवी साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला नाकवाली म्हणत. कामच तसं होतं. सकाळी दुधाच्या गाड्या धक्क्याला लागल्या की कॅन ओळीनं पुढं सरकायचे आणि ही एकेकाचं झाकण उचलून त्यात नाक घालायची. झाकण उघडताच जो पहिला भपका वर येतो, त्यात दुधाची सगळी कुंडली असते. आंबूस, कडवट, गोठ्याचा, गंजाचा, औषधाचा. दूध बरं असलं की ही नुसती मान हलवायची. नासकं असलं की कॅनवर खडूची फुली. मग दूधवाला कितीही तणतणला तरी कॅन परत.

या नाकाचे लाडही तसेच होते. केसांना वासाचं तेल नाही, अंगाला पावडर नाही, कामाच्या दिवसांत कांदा-लसूण नाही. नवऱ्यापेक्षा नाकाला जास्त जपते, असं बायका माघारी म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

नवरा सामान हलवायच्या कामावर होता. कपाट पाठीवर घेऊन जिने चढणारा गडी. एका जिन्याच्या वळणावर कपाट सुटलं आणि कंबर गेली. तेव्हापासून तो घरीच. खुर्चीतून उठायचं तर आधी खुर्चीशी वाटाघाटी कराव्या लागत. दिवसभर भिंतीकडं बघत बसायचा. मग एकदा तिची थोरली बहीण आली, ती स्वतःकडं धूळ खात पडलेला स्लो कुकर घेऊनच. आत चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. वाकायला नको, ढवळायला नको, सकाळी घालायचं आणि संध्याकाळी खायचं, असं बहिणीनं समजावून सांगितलं आणि ती निघून गेली. आग लावून नामानिराळी.

नवऱ्याला त्या कुकरचा लळाच लागला. हाडं, गाजरं, कोबीचे दांडे, मूठभर जव, आणि लसूण तर अख्ख्या गड्ड्याच्या गड्ड्या. सकाळी बटण दाबलं की दिवसभर खुर्चीत बसून झाकणाकडं बघायचं, टीव्ही बघावा तसं. त्यात त्यानं स्वतःचं एक शास्त्रही काढलं. भांडं कधी पूर्ण रिकामं करायचं नाही. कालच्या तळाशी उरलेल्यात आजचं घालायचं, म्हणजे रस मुरतो. ते ऐकून ती कुकरपासून दोन पावलं मागं सरकली. म्हणजे तळाशी जो कोबी होता, त्याचं वय देवाला ठाऊक.

ती दमून घरी यायची तर दाराबाहेरच तो वास अंगावर यायचा. ओला, तेलकट, गोडसर, भिजलेल्या कुत्र्यानं गाजर खाऊन ढेकर द्यावा तसा. पडद्यांना तो वास, उशीला तो, वाळत घातलेल्या पोलक्याला तो. खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं तर बोट बुळबुळीत. आणि नवरा वाडगा भरून पुढं करायचा. वर चरबीचे पिवळे डोळे तरंगत असत, तिच्याकडंच बघत. खाली करडा फेस. त्यात मऊ होऊन सुटलेलं कातडं.

"कसं झालंय?" तो विचारायचा.

"छान," ती म्हणायची.

काय म्हणणार? कपाटं उचलणाऱ्या माणसाच्या हातात आता एवढा एक वाडगा उरला होता. पाय धुता धुता गारव्याला बसून पिते म्हणून ती वाडगा घेऊन मोरीत जायची, नळ सोडायची आणि सगळं जाळीत ओतायची. रोज. वाडगा रिकामा बघून तो खूश व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी हाडं वाढवायचा.

पण मोरीत ओतलं तरी वास काही ओतून टाकता येत नाही. तो नाकात घर करून राहिला. एके दिवशी धक्क्यावर एका कॅनचं झाकण उचललं तर तिला दुधाआधी लसूणच आला. दुसऱ्याचं उचललं, तिथंही लसूणच. मागं गाड्या खोळंबलेल्या, कॅन ओढणारा घाई करत होता. तिनं मान हलवली. दुपारी कळलं, आंबूस दूध टाकीत गेलं होतं आणि तापवताना सगळी टाकी फाटली. दही म्हणावं तर दही नाही, दूध म्हणावं तर दूध नाही, नुसता चोथा. साहेब ओरडला नाही, हेच वाईट. पुन्हा असं झालं तर धक्का सोडून क्रेट धुवायला जावं लागेल, एवढं शांतपणे सांगून तो गेला.

त्या संध्याकाळी नवऱ्याला स्पष्ट सांगायचंच, असं ठरवून ती घरी आली. तर मोरीत घोटाभर पाणी, आणि त्यात नवरा पालथा पडलेला, खांद्यापर्यंत हात जाळीच्या भोकात. मोरी तुंबली म्हणून प्लंबरला कशाला बोलवा, असं त्याला वाटलं असणार. त्या कमरेनं तो खाली कसा गेला, तोच जाणे. त्यानं हात बाहेर ओढला. हातात गोठलेल्या चरबीची, मेणबत्तीसारखी पांढरी कांडी. पाइपाच्या आकाराची, मनगटाएवढी जाड. त्यात गाजराच्या चकत्या, जवाचे दाणे, कोबीचा दांडा, सगळं ओळखू येईल असं रुतलेलं. वास असा, की मेलेल्या उंदराला स्वच्छ म्हणावं.

त्यानं ती कांडी फिरवून फिरवून बघितली. स्वयंपाक त्याचाच होता, ओळखणार कसा नाही.

"रोज?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "हो. मला किळस येते त्याची. पहिल्या दिवसापासून. आणि आता माझं नाकही गेलं, आज टाकी फाटली माझ्यामुळं."

"कंबर मोडली ते सोसलं मी," तो म्हणाला. "तुझं ते 'छान' नाही सोसवत."

दोघांनी मिळून मोरी साफ केली. कोपरापर्यंत चरबी, दोघांनाही उमासे. रात्री त्यानं कुकर घासून, पुसून, फडक्यात बांधून पलंगाखाली सरकवला.

घर हळूहळू निवळलं. पडदे धुतले, काचा पुसल्या. तिचं नाक ताळ्यावर आलं, धक्क्यावर खडू पुन्हा चालू लागला, आणि साहेब क्रेटचं नाव काढेनासा झाला. पण नाक परत आलं ते सगळं घेऊनच आलं. एका संध्याकाळी दार उघडल्यावर तिला घरात नवाच वास आला. अंघोळ न केलेल्या माणसाचा. तेलकट उशीचा, शिळ्या तोंडाचा, दिवसभर न बदललेल्या कुशीचा. नवरा भिंतीकडं तोंड करून पडला होता. दुपारचं ताट झाकलेलं, तसंच. इतके दिवस हा वास सुपाखाली दबला होता काय, असं तिच्या मनात आलं. सुपाच्या वासानं उलटी यायची. या वासानं ती घाबरली.

पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ती खाटकाकडून हाडं घेऊन आली. पिशवी हातभर लांब धरून, तोंड फिरवून. पलंगाजवळ ठेवली आणि म्हणाली, "उठा. फक्त सुट्टीला करायचं. लसूण एक पाकळी. भांडं दर वेळी रिकामं करायचं. आणि मी आता खरं सांगणार."

त्यानं आधी पिशवीत डोकावून बघितलं. मग भिंतीला धरून उठला, अंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडगा तिच्यापुढं आला. तिनं मोरीकडं न जाता, त्याच्यासमोर बसून एक घोट घेतला. मग धक्क्यावर कॅनमध्ये घालायची तसं नाक आत घातलं.

"घाण झालंय," ती म्हणाली.

"कशानं?"

"हाडांचा फेस. आधी एकदा उकळून ते पाणी फेकायचं, मग नव्या पाण्यात घालायचं. आणि कोबी सडवलाय तुम्ही, शिजवला नाही."

"कोबी मागाहून घालतात?"

"शेवटी घालतात."

"फेसाचं पटलं," तो म्हणाला. "कोबीचं मी ऐकणार नाही." आणि चमचा घेऊन तो तिच्या वाडग्यातले कोबीचे तुकडे एकेक करून आपल्या वाडग्यात काढू लागला.