मेंढा शेपटीकडनं बघायचा

अन्याय झाला तो एका काळ्या तोंडाच्या कोकरावर. गेल्या वर्षी, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या कॉफीच्या आधी, टिलबर्ग या डच शहराबाहेरच्या एका गोठ्यात. मालक हेर्मान याने चिमट्यासारख्या हत्याराने रबराची घट्ट रिंग ताणली, त्या नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या शेपटीवर चढवली आणि सोडून दिली. रिंगेखालचं रक्त बंद. शेपूट वाळत जाणार आणि काही आठवड्यांनी गळून पडणार. कोकरू आधी ताठ झालं, मग पेंढ्यात लोळायला लागलं. हेर्मान म्हणाला, "थोड्या वेळात विसरतं." ते विसरलं असेल. मी विसरलेले नाही.

आणि का विसरले नाही, हे सांगायचं तर माण तालुक्यातल्या आमच्या गावातून निघाले त्या सकाळकडे जावं लागेल.

श्रावणातली झड लागली होती. जीप दारात, बॅगा टपावर बांधलेल्या, आई ओवाळायचं ताट घेऊन उभी, आणि आप्पांचा पत्ता नाही. शोधायला गेले तर ते वाघुरीत, म्हणजे आमच्या मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, एका मेंढीजवळ बसलेले. मागच्या बाजूला लोकर शेणाने बरबटलेली, त्यावर माशीने अंडी घातलेली, आणि आत अळ्या जिवंत कातडं खात होत्या. आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "धर. जीप थांबंल." मी नवी कोरी जीन्स घालून चिखलात गुडघे टेकले, मेंढी धरली. त्यांनी लोकर कातरली, एकेक अळी काढली, सीताफळाच्या पाल्याचा रस लावला. मुंबईच्या विमानतळावर माझ्या हाताला त्या पाल्याचा वास होता. आप्पांनी निरोप दिला तोही त्यांच्या पद्धतीचा. "ही मेंढी लांब शेपटाच्या मेंढ्याची. तुझ्या चुलत्यानं आणलेला. तोंड बघून आणला. मेंढा शेपटीकडनं बघायचा, तोंडाकडनं कुणीबी बघतंय."

बस्स. मुलगी परदेशी चालली आणि बाप हे बोलला!

आमच्या धनगरांत मेंढा निवडायची रीत अशीच आहे. आधी मागे जाऊन उभं राहायचं. शेपूट आखूड हवं, बुडाशी लोकर विरळ हवी, मागचे पाय कोरडे हवेत. घाण साठली नाही तर माशी बसत नाही, माशी बसली नाही तर अळ्या पडत नाहीत. मी इकडे पशुविज्ञानात मास्टर्स केलं तेव्हा याच गोष्टी आलेख आणि वंशावळींतून पुन्हा भेटल्या. पहिल्या सेमिस्टरला त्या तासाला मी हसत बसले होते.

आता मी आठवडाभर टिलबर्गमध्ये एका गोदामाच्या कंपनीत डेटा बघते आणि सुट्टीच्या दिवशी मारैकबरोबर असते. मारैक धनगरीणच म्हणा. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या माळरानावर तिचा कळप चरतो. मराठी मंडळात लोक विचारतात, "आयटी का?" मी म्हणते, "मेंढ्या." मग जवळच्या बेस्ट नावाच्या गावाहून आलेले एक काका हमखास म्हणतात, "अगं, इतक्या लांब येऊन मेंढ्याच?" हो काका, मेंढ्याच. तुम्ही इतक्या लांब येऊन एक्सेलच भरता ना?

मारैकबरोबरच मी शेपट्या कापण्याविरुद्धची पत्रकं वाटायला लागले. शेपटी कापायला या देशात बंदी आहे, पण काही विलायती जातींसाठी कायद्यात फट ठेवली गेली, आणि हेर्मान त्या फटीकडे बोट दाखवायचा. त्याच्या मेंढ्या प्रदर्शनात जातात. परीक्षकाला मागचा पुठ्ठा भरीव दिसला पाहिजे, म्हणून शेपूट नको. तोंडाने मात्र सांगायचं, माशीपासून वाचवतो. त्या रविवारी, रिंग चढलेली बघून, मी पत्रक त्याच्या हातात कोंबलं आणि सरळ म्हटलं, "तू माशीचं नाव सांगून हौस भागवतोस." तो लाल झाला. म्हणाला, "आणि शेपट्या ठेवल्या आणि किडे पडले, तर काढायला तू येणार?"

"येते."

"एक जरी मेली, तर पुढच्या वर्षी सगळ्यांना रिंग. आणि तू या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही."

त्या मोसमात जन्मलेल्या बाकीच्या सगळ्या कोकरांच्या शेपट्या राहिल्या. त्यांच्यासाठी मी उन्हाळ्याचं गावचं तिकीट रद्द केलं. आई फोनवर कडाडली, "मेंढरं सोडून गेलीस आन् तिथंबी मेंढरंच राखतीस! मग हितं काय वाईट होतं?"   कामावरून सुटले की सायकलने हेर्मानकडे जायचं, एकेक कोकरू उलटं धरायचं, मागची लोकर कातरायची, ओलं गवत खाऊन हगवण लागलेली वेगळी करायची. दमट, उबदार दिवसांत हिरवी माशी घोंगावते तेव्हा एक दिवस चुकवून चालत नाही. जुलैत एका दुपारी हेर्मानचाच फोन आला. आवाज पडलेला. "शेपटीवाल्यांतली एक कोपऱ्यात उभी आहे. पाय आपटते. लवकर ये." ऑफिसात सांगितलं, घरचं माणूस आजारी आहे. खोटं नव्हतं ते.

सीताफळ इथे कुठलं! डॉक्टरने दिलेलं औषध होतं, कातर होती, आणि माझी बोटं होती. हेर्मानने मेंढी धरली. मी अळ्या काढत होते आणि माझ्या तोंडून आपोआप आप्पांचं निघालं, "धर, धर की नीट." मराठीत. त्याने नीट धरली.

ती जगली.

शरद ऋतूत मेंढा घ्यायचा होता, तेव्हा हेर्मान स्वतःहून म्हणाला, "तू पण चल." बाजारात मेंढे ओळीने बांधलेले, सगळे लोक तोंडासमोर उभे, आणि मी एकटी ओळीच्या मागून चाललेले. एकाने टोमणा मारला, "बाई, डोकं या बाजूला आहे." मारैक हसून लोळायची बाकी होती. मी निवडलेला मेंढा दिसायला सुमार. पण शेपूट आखूड, मूळ स्वच्छ, पाय कोरडे.  मग हेर्मानही माझ्या शेजारी, मागे येऊन उभा राहिला. त्या क्षणाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा डिग्रीचा नाही. आप्पांचं वाक्य इथल्या ब्राबांट प्रांताच्या बाजारात उभं होतं, आणि एक डच माणूस त्या वाक्यातून मेंढा बघत होता.

यंदाच्या मार्चमध्ये त्या मेंढ्याची कोकरं झाली. सगळ्यांच्या शेपट्या तोकड्या झाल्या असं नाही, एका पिढीत कुठे होतं? पण बऱ्याच आखूड आहेत. दूध पिताना प्रत्येक शेपूट थरथरतं. रिंगांचा डबा हेर्मानने मला दिला. माझ्या स्वयंपाकघरात आहे, मोहरी ठेवते त्यात.

आणि त्याच आठवड्यात संभादादाचा, माझ्या सख्ख्या भावाचा, फोन. आप्पा आता थकलेत, वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, तोच बघतो. वजनदार कोकरांसाठी त्याने मागेच संकरित मेंढा आणलाय, लोकर गच्च, शेपूट गुडघ्याखाली. गेल्या पावसात त्याच्या लांब शेपटाच्या पिल्लांना अळ्या पडल्या, एक मेंढी गेली. "अगं, येताना चॉकलेट नको. त्या रबराच्या रिंगा आण पाकीटभर. तिकडं वापरत्यात म्हणं."

तिकडं! दादा, तिकडं मी त्या बंद करायला उन्हाळा घालवला.

पूर्वी वाटायचं, घर म्हणजे मी सोडलं ते. मेंढरांमागे उभं राहून बघायची जी नजर मिळाली, ती जिथे चालते ते आता माझं घर. टिलबर्गला चालते, माणला बंद पडलेली मला चालणार नाही. मेंढी गेल्याचं दुःख मला कळतं, दादा. पण चूक मेंढ्याच्या निवडीची, आणि शिक्षा कोकराच्या शेपटीला?

मी रिंगा आणणार नाही. आणि हे वाचणाऱ्या ज्या कुणाला गावाकडून असा निरोप येईल, त्यांनीही बॅगेत घालायच्या नाहीत. दादा, पावसाच्या आधी कळपाची मागची लोकर कातर. आणि उद्या उजाडल्यावर आप्पांना हात धरून वाघुरीत ने. दोघं त्या मेंढ्याच्या मागे उभे राहा. त्याला बाजाराला धाड, आखूड शेपटाचा आण, आणि मग मला फोन कर.