बारीकटाक्याचा काळा कोट

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे बारीकटाका म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो खूश होतो. फाटका कोट त्याच्याकडे टाका, नंतर घ्यायला जा, कुठे फाटला होता ते तुम्हालाच आठवणार नाही. टाका दिसला तर तो शिंपी कसला, असं त्याचं म्हणणं. या हट्टाचं गल्लीने कायम कौतुकच केलं. एकदाच काय तो अंगाशी आला, तोही त्याच्या नाही, बायकोच्या.

वहिनी हमरस्त्यापलीकडच्या बेकरीत दुपारपाळीला असतात. सुटतात तेव्हा अंधार पडलेला. रस्त्यावरचे पांढरे पट्टे केव्हाच पुसले गेलेत, आणि वळणावरचा दिवा चुकून लागला तर आम्ही एकमेकांना बोलावून दाखवतो. त्यात वहिनींच्या अंगात काळा कोट. हा कोट म्हणजे यांच्या लग्नाआधीची भानगड. वहिनी तेव्हा नुसत्या गिऱ्हाईक होत्या, आणि हा गृहस्थ बाहीचं माप चुकतंय म्हणून पुन्हा पुन्हा बोलावत होता. कोट होईपर्यंत लग्न ठरलं. तसा कोट त्याने पुन्हा कुणाला शिवला नाही.

या हिवाळ्यात एका टेम्पोचा आरसा वहिनींच्या कोपराला चाटून गेला. टेम्पोवाला थांबला. बाई, तुम्ही दिसलाच नाहीत, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. घरी येऊन वहिनींनी हे हसत सांगितलं, पण चहाचा कप त्यांना एका हाताने धरवेना. बारीकटाक्याने कोपर शेकून दिलं.

सफाई कामगारांची जॅकेटं त्याच्याकडेच शिवायला येतात. त्यावर गाडीचा उजेड पडला की लखलखणारी पट्टी असते ना, तीच माझ्या कोटाला लावा, असं वहिनींनी सांगितलं. स्वारी दोन दिवस खपली. कोट हातात दिला तेव्हा मी दुकानातच होतो. बटण लावून घ्यायला गेलो होतो. बटण केव्हाच लावून झालं होतं, ते सोडा.

वहिनींनी कोट उलटापालटा करून पाहिला. "पट्टी कुठाय?"

"आहे ना. बाहीच्या दुमडीत घेतलीय आतून. बघ, कुणाला पत्ता लागतोय का."

"अहो, टेम्पोवाल्याला लागायला हवाय."

तो बाहीवरून बोट फिरवत म्हणाला, "पण वरून लावली तर बाही गेली गं."

"बाही कोटाची आहे. आतला हात माझा आहे."

एवढं बोलून वहिनी तोच कोट घालून कामावर गेल्या. त्या दिवशी बारीकटाक्याने एक पाटलोण उलटी शिवली. अंधार पडायला लागला तसा तो मशीन सोडून हमरस्त्यावर धावला.

पुढचं मला बेकरीतल्या बायकांनी सांगितलं. त्या मीठमसाला लावतात, मीही लावतो. तो अलीकडे उभा. पलीकडे बेकरीचं दार उघडलं, बायका बाहेर पडल्या. कुणाची पांढरी ओढणी दिसली, कुणाची पिवळी पिशवी. वहिनी दिसेनात. इंचाइंचाने बेतलेला कोट, आणि बेतणाऱ्यालाच सापडेना. तेवढ्यात वळणावरून टॅक्सी आली आणि तो जीव खाऊन ओरडला, "थांब गं." वहिनी त्या आवाजाने जागच्या जागी थांबल्या. टॅक्सी पुढ्यातून निघून गेली.

मग हा पलीकडे गेला. बेकरीच्या दारातल्या दिव्याखाली बायकोला हात पसरून उभं केलं, खिशातून पट्टी काढली, आणि कोट अंगातच असताना दोन्ही बाह्यांवर, बाहेरून, भलेमोठे कच्चे टाके घालायला लागला. सुई एकदा लागलीसुद्धा. बायकांना तेवढंच हवं होतं. भावजी, पुन्हा माप घेताय का, असं एकीने विचारून घेतलं.

"वाकडी लागलीय का हो?" वहिनींनी विचारलं.

"लागलीय. असू दे."

दोघं रस्त्याच्या कडेला आले. लांबून ट्रक येत होता. वहिनींनी हात वर केला, बाही लखकन चमकली, आणि ट्रक तिकडेच, वळणाजवळच, हळू होऊन थांबला.

बारीकटाका बघतच राहिला. "एवढ्या लांबून दिसतं?"

"चला आता," वहिनी म्हणाल्या, "तो थांबलाय आपल्यासाठी."