मंजिरीचा उघडा पत्ता

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला काढलेला ओरखडासुद्धा त्याच संध्याकाळी सांगून टाकला होता. हे मात्र नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मंजिरीला ओळखत नाही, म्हणून असेल.

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावच्या मराठी मंडळाची वेबसाइट गेली अकरा वर्षं मी सांभाळते. गणपतीचे फोटो, फराळाच्या ऑर्डरी, कार्यकारिणीची नावं आणि त्यांचे ईमेल. या ईमेलचं एक दुखणं असतं. इंटरनेटवर सतत काही प्रोग्रॅम फिरत असतात. ते वेबसाइटची पानं चाळतात, दिसेल तो पत्ता उचलतात, आणि मग त्या पत्त्यावर कचरा येऊ लागतो — लॉटरी, वजन उतरवायच्या गोळ्या, बँकेच्या खोट्या नोटिसा. म्हणून मी पानावर पत्ते तुकडे करून ठेवते. माणसाने नावावर क्लिक केलं की तुकडे जुळतात आणि पत्ता दिसतो. प्रोग्रॅमच्या हाती काही लागत नाही. चौदा पत्ते, चौदाही झाकलेले. याबद्दल मला कधी कुणी शाबासकी दिली नाही. कशी देणार? न आलेला कचरा कुणाला दिसतो?

शाबासकी मिळायची ती गणपतीतल्या मुलांच्या नाटकाची. ते नऊ वर्षं मी बसवत होते. म्हणजे मुलं वाक्यं पाठ करायची, आईबाप व्हिडिओ काढायचे आणि शेवटी मला शाल. वर्षातून एकदा का होईना, मी दिसायचे.

मग मंजिरी आली. नागपूरची, तिशीतली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही. कार्यकारिणी म्हणाली, यंदा नाटक तिला देऊ या, तुम्हालाही जरा आराम. आराम! मी मागितला होता का? मंजिरीने मुलांना पाठांतर दिलंच नाही. त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीतच, इंग्रजीसकट, त्यांच्याकडूनच नाटक रचून घेतलं. माझी मुलगी — माझ्या नाटकाच्या वेळी दरवर्षी जिचं नेमकं पोट दुखायचं ती — तालमीहून हसत घरी आली. "आई, शी इज सो फन," म्हणाली.

मी जळले. दुसरा शब्द नाही. भाजी चिरताना, गाडी चालवताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये — कुठेही मंजिरीचं ते मोकळं हसू आठवत राहायचं.

त्याच आठवड्यात तिचं नाव आणि ईमेल पानावर चढवायचा होता. मी तो जसाच्या तसा चढवला. उघडा. घाई होती, विसरले — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण पत्ता झाकायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी हाताची घडी घालून स्क्रीनकडे बघत बसले होते.

एवढंच असतं तर तुम्हाला मी इतका वेळ बसवून ठेवलं नसतं. कचरा काय, सगळ्यांनाच येतो.

नाटक झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुणाची तरी शेजारीण म्हणून एक अमेरिकन बाई आल्या होत्या, त्या जवळच मुलांचं थिएटर चालवतात. त्यांनी मंजिरीला सांगितलं, आमच्याकडे शिक्षिकेची जागा निघते आहे, मंडळाच्या वेबसाइटवरून तुझा पत्ता घेते आणि ईमेल करते. मंजिरीचं वर्क परमिट त्याच महिन्यात आलं होतं. त्याचे पेढे तिने सगळ्यांत आधी माझ्याकडे आणले. मी दोन खाल्ले.

तोवर तिचा इनबॉक्स कचऱ्याने तुंबला होता. कंटाळून तिने फिल्टर इतका कडक लावला की चांगली पत्रंही कचऱ्यात जायला लागली. मग मला फोन आला. "ताई, तुम्हाला यातलं कळते ना? नुसता कचरा येऊन राहिला. मला तर उघडायचीच भीती वाटते."

शनिवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून ती चहा टाकायला आत गेली. मी स्पॅमचं फोल्डर उघडलं, खाली खाली जात राहिले — आणि त्या ढिगाऱ्यात त्या बाईंचा ईमेल होता. मी तो पूर्ण वाचला. नाटक फार आवडलं, नोकरीचं बोलायला येत्या गुरुवारी येशील का, असं होतं. आतून आलं ठेचल्याचा आवाज येत होता.

"ताई, साखर किती घालू?"

"एकच चमचा," मी म्हणाले. आणि सगळे ईमेल एकदम निवडून कायमचे पुसून टाकले.

बोट घसरलं नाही. मी पुसले. मग फिल्टर नीट लावून दिला, घरी येऊन तिचा पत्ताही झाकला — आता काय जातंय झाकायला? ती म्हणाली, तुम्ही होत्या म्हणून, ताई.

दोन आठवड्यांनी तिने विचारलं, "त्या बाईंचं काहीच आलं नाही. मीच फोन करू का? की डेस्परेट वाटेल?" बघा, तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. एक 'कर' म्हणायचं होतं. मी म्हणाले, "नको गं. इकडे लोक बोलायला गोड असतात. गरज असती तर कळवलं असतं त्यांनी."

"हो ना. शी वॉज जस्ट बीइंग पोलाइट. मीच वेडी," ती म्हणाली, आणि हसली. पण ते हसू निराळं होतं.

आता मंजिरी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसते, शनिवारीसुद्धा. नाटक बसवायला आता जमणार नाही, म्हणाली. आणि तसंही आपल्याला त्यातलं फारसं येत नसावं, हेही म्हणाली — माझ्याच ओट्याशी उभं राहून. ते ऐकून मला काय वाटलं? वाईट नाही वाटलं. बरं वाटलं. वाईट वाटायला लागलं ते पुढे, आणि ते अजून चालू आहे.

यंदाचं नाटक पुन्हा मी बसवते आहे. मुलं वाक्यं पाठ करताहेत. माझ्या मुलीचं पोट दुखतं. रविवारी मंजिरी येते, खुर्च्या मांडते, आणि वाक्यांची वही घेऊन पडद्यामागे प्रॉम्प्टिंगला उभी राहते. तिनेच आपणहून विचारलं होतं, येऊ का म्हणून. वेबसाइटवर नाटकापुढे माझं नाव आहे. त्याखालचा पत्ता मी नीट झाकला आहे.