दहा वाजता उगवणारी ओळ

गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने कापडे गावातल्या आपल्या घरात वेगवान इंटरनेट आणलं. राउटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चार शब्द बोलला. मग मलाही त्या वेगाचा लाभ व्हावा म्हणून एक वायर अंगणावरून माझ्या घरात ओढली आणि माझ्या संगणकाला जोडून दिली. विसर्जनानंतर घराला कुलूप लावून मंडळी परत गेली, इंटरनेटही बंद केलं. वायर तेवढी राहिली. ती कपाटामागून गेलेली असल्याने मी विसरलो.

मी एका मुंबईच्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, इथूनच, एकटा बसून. दिवाळीनंतर रोज सकाळी दहाच्या सुमारास माझा संपर्क तुटायला लागला. दीड तासाने आपोआप जुळायचा. साहेबांनी तीन आठवडे सहन केलं आणि मग म्हणाले, "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर इथे येऊन बसा." एकटं राहायला मुंबईत भाडं पडतं, इथे ते फुकट आहे. शिवाय वाडीत आणखी एका दाराला कुलूप लागलं असतं, आणि ते माझ्या हाताने.

गुरुवारी दहा वाजता राउटिंग टेबल उघडून बसलो. कुठला निरोप कोणत्या वाटेने जायचा, याची ती संगणकाकडची यादी. 'बाकी सगळं जग इकडून' असं सांगणारी ओळ त्यात एकच हवी. मला दोन दिसल्या. दुसरीतला पत्ता अनोळखी, आणि तिच्यापुढचा अंक लहान. अंक लहान ती वाट आधी, असा नियम. म्हणजे माझे सगळे निरोप निमूटपणे तिकडे जात होते आणि तिथेच संपत होते. साडेअकराला ती ओळ आपली आपण नाहीशी झाली.

शुक्रवारी दहाला पुन्हा आली. या वेळी नीट वाचली. ती वायरवरून आली होती. मी तर वायर वापरत नाही, माझं इंटरनेट वाय-फायवर आहे, असं स्वतःला ठणकावून सांगितलं आणि मग कपाट सरकवलं. मागे हिरवा दिवा लुकलुकत होता.

म्हणजे कुलूपबंद घरातला राउटर कोणीतरी चालू केला होता. अंगण ओलांडलं. दार उघडं, भर सकाळी सगळे दिवे लागलेले, थंडीत पंखा गरगरत होता. त्याखाली शाल पांघरून भावकीतली काकी बसली होती. ती वाडीच्या टोकाला राहते, तीही एकटीच.

"काकी, तू इथं?"

"तुझ्या भावानं चावी दिलीय. म्हणाला, घर बंद दिसू देऊ नको. म्हणून येते, सगळी बटणं दाबते नि बसते."

"सगळी कशाला?"

"कुठलं कशाचं मला काय ठाव? एक सोडलं नि तेच महत्त्वाचं निघालं तर?"

"आणि बसून काय करतेस?"

"बसते. तू तिकडं काय करतोस रे?"

एकाच वाडीत राहून आम्ही गणपतीनंतर पहिल्यांदाच बोलत होतो.

वायर उपटली असती तर काम दोन सेकंदांत झालं असतं. मी घरी येऊन त्या वाटेला मोठा अंक दिला. शनिवारी दहाला ओळ आली, पण यादीत खाली, आणि संपर्क तुटला नाही. सोमवारी साहेबांना कळवलं, "शेजारच्या उपकरणाची वाट चुकून आधी निवडली जात होती." काकीचा उल्लेख केला नाही.

तेव्हापासून दहा वाजले की मी यादी पाहतो. ओळ आली की काकी आली.

गेल्या आठवड्यात एक दिवस अकरा वाजले तरी ओळ आली नाही. आधी संगणकावर संशय घेतला, मग चप्पल घातली.

काकी उंबऱ्यावर बसली होती. आत अंधार.

"सकाळपासून लाईट नाय," ती म्हणाली. "तुला कळलं नाय?"

माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. मला काहीच कळलं नव्हतं.

"घर बंद दिसतंय म्हणून दारात बसलेय. आलायस तर तूही बस. दोन माणसं दिसतील."

मी बसलो.