शेवटी उतरणारा तांडेल

तांडेलला कुठल्याही गाडीतून पहिला उतरताना पाहिलेला माणूस कुवेतात सापडला नसता. दार त्याच्या हाताशी असलं तरी हा बसून. "उतरा तुम्ही. मी येतो." त्याचा बाप रत्नागिरीकडच्या खाडीत मचव्याचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. मचवा किनाऱ्याला लागला तरी सगळे खलाशी उतरल्याशिवाय बाप जागचा हलायचा नाही. लेकाच्या हातात मचव्याऐवजी शुऐबा बंदराजवळच्या कारखान्याची कामगारांची बस चालवायला आली, पण रीत तीच राहिली. म्हणून आम्ही त्यालाही तांडेलच म्हणायचो.

मी त्या बसचा मिस्तरी. माझी शाळा चौथीत सुटली, हट्ट काही सुटला नाही. अहमदी गावात आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो, म्हणून रोज वाद. "अरे, बस रिकामी झाली, उतर की! भात गार होतोय." तो मागच्या बाकापर्यंत चालत जाणार, वाकून बघणार, मगच उतरणार. एकदा भर उन्हाळ्यात त्याच बाकाखाली तापाने फणफणलेला मजूर निघाला. दार लावून आम्ही गेलो असतो, तर त्या पत्र्यात माणूस शिजला असता. त्यानंतर मी भाताचं नाव काढलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं, तेव्हा तांडेलने कायमचं गावी जायचं ठरवलं. त्याआधी एकदा लांब फिरून येऊ म्हणाला. दोघांच्या भागीत एक जुनी अमेरिकन गाडी होती, तिच्यातून इराक ओलांडून थेट तुर्कस्तान गाठलं. तेव्हा रस्ते मोकळे होते. तो देश बघायला निघाला होता, मी त्याचा बेत मोडायला. बगदादला नदीकाठी भाजलेला मासा खाताना विषय काढला.

"गावी जाऊन करणार काय तू?"

"मासा खा, मिस्तरी. काटे बघ."

इस्तंबूलला गंमत झाली. गाडी ठेवून शहरातल्या बसने फिरत होतो. मी उतरलो, हा आपला सगळे उतरायची वाट बघतोय. तिथे उतरणाऱ्यांपेक्षा चढणारे जास्त! बस त्याला घेऊनच गेली. बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन चालत आला. मी म्हटलं, "आतातरी अक्कल आली?" तर म्हणतो, "त्या बसला तांडेल नाय रे, म्हणून असं."

परतीचा शेवटचा टप्पा मीच चालवला. गाडी हळू हाकत होतो. अहमदीत खोलीपुढे इंजिन बंद केलं. टपापासून टायरपर्यंत गाडी धुळीने माखलेली.

"उतर," तांडेल म्हणाला.

"नाही उतरत."

"का रे?"

"मी उतरलो की प्रवास संपला. मग तू चाललास गावी. बस आता."

तो हसला. "बहिणींची लग्नं झाली, मिस्तरी. भावाचं दुकान लागलं. पोरगी नांदायला गेली. सगळी उतरली रे. बायको एवढी वर्षं किनाऱ्यावर उभी हाय. आता माझी पाळी."

पण तेवढ्याने उतरेन, असला मी नव्हे. दोघेही बसून. शेजारच्या केरळी नर्सबाईचा नवरा दोनदा येऊन बघून गेला, गाडी बंद पडली की काय म्हणून.

शेवटी दार वाजलं. तांडेल उतरला. माझ्याआधी! गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आला, आत हात घालून माझ्या खांद्यावर ठेवला.

"आता तांडेल तू. मागचा बाक बघ, मग ये."

मी बघितला. खबूस रोटीचे वाळके तुकडे, कांद्याची सालं, त्याचा घडी घातलेला पंचा. एवढंच होतं. तरी जरा जास्तच वेळ बघत राहिलो. डोळे पुसून खाली उतरलो, तेव्हा त्याने चहा टाकला होता.

तांडेल गावी जाऊन आता बरीच वर्षं झाली. जन्मभर मी कुणाचं ऐकलं नाही, त्याचं तेवढं ऐकतो. नात गाडीबाहेर उभी राहून कुरकुरते, "आजोबा, कम ऑन!"

"उतरा तुम्ही," मी म्हणतो. "मी येतो."